साळींदर कोण होणार?

विजयालक्ष्मीबाईंना वर्तमानपत्र सरळ वाचायला दिलं तर त्या वैतागतात. सकाळी चेन्नईतल्या माम्बलमच्या घरी त्यांचे यजमान बालाजीराव पेपर टेबलावर पसरून बसतात आणि बाई समोरच्या खुर्चीवर कॉफीचा टंबलर धरून तोच पेपर उलट्या बाजूने वाचतात. बालाजीराव तिसऱ्या बातमीवर असतात तेव्हा बाईंचं पान संपलेलं असतं. "पलटा की," त्या म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेला तो सद्गृहस्थ निमूटपणे पलटतो. अर्धवट राहिलेल्या बातमीत पुढे काय झालं, हे तो दुपारी एकटा असताना वाचतो.

यात जादू काही नाही. एग्मोर स्टेशनमागे एका जुन्या बंगल्यात भरणाऱ्या बालवाडीत बाई तेवीस वर्षं मुलांना गोष्टी वाचून दाखवत आल्या आहेत. वेताच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, चित्रांचं पुस्तक मांडीवर उभं धरायचं, चित्र मुलांकडे, आणि आपण वरून वाकून वाचायचं. मुलांना चित्र सरळ दिसतं, बाईंना अक्षरं उलटी दिसतात. नवशिक्या मास्तरणी आधी स्वतः वाचतात, मग पुस्तक फिरवून चित्र दाखवतात, मग पुन्हा आपल्याकडे फिरवतात. पुस्तक कसलं, टेबलफॅनच. तेवढ्यात मागच्या रांगेत दोघांनी एकमेकांचे केस धरलेले असतात. बाईंच्या वर्गात केस धरायला कुणाला फुरसत नसते. तिथे घंटी नाही, टाळी नाही, ओठांवर बोट नाही. पान पलटलं की गोष्ट पुढे जाते, पान धरून ठेवलं की वीस मुलं तोंड उघडी टाकून थांबतात. पानच तिथली घंटा.

बाईंना याचा गर्व होता आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही. तसं त्यांनी काहीच लपवलेलं नाही. घरात साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरात उतरलेली आणि तिथेच मुरलेली मराठी, बाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी, आणि तिन्हींमध्ये जीभ एकच. तिखट. मुलांचे कानही त्या अधूनमधून पिळत. पण त्यांनी कान पिळलेली मुलं आता मिश्या फुटल्यावरही रस्त्यात दिसली की "मिस!" करून थांबतात. प्रेमाने की धाकाने, याची चौकशी बाईंनी केलेली नाही.

तर अशा या सुखी वर्गात दया आली.

दया पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यातून आली. आत बारा चित्रांची पुस्तकं होती, एक तक्ता होता आणि चिकटवायच्या सोनेरी चांदण्यांची दहा पाकिटं होती. मुख्याध्यापिका श्रीदेवी मॅडमनी जाहीर केलं की आपली शाळा यापुढे नुसती अक्षरं शिकवणार नाही, दयाळूपणा आणि मैत्री शिकवेल. आधी काय शिकवत होती, असं आया गोदाने विचारलं, पण ते स्वयंपाकघरात, त्यामुळे कुणी उत्तर दिलं नाही.

बाईंनी एका बैठकीत बाराही पुस्तकं वाचली, अर्थात उलटी. चित्रं सुंदर होती, यात वाद नाही. पण आतले प्राणी! वाघ आधी परवानगी मागतो, मगच मिठी मारतो. कोल्हा म्हणतो, "मला आत्ता थोडं उदास वाटतंय." भांडण म्हणून कुठे नाही, चावा नाही, चोरलेला खाऊ नाही. "या जनावरांना," बाई घरी बालाजीरावांना म्हणाल्या, "दात काढून मग पुस्तकात घातलेत."

तक्त्याची तऱ्हा तर विचारूच नका. जे मूल दुसऱ्याला मदत करेल त्याच्या नावापुढे एक सोनेरी चांदणी. पहिल्या आठवड्यात चांदण्या पाकिटातच राहिल्या, कारण मदत लागणारं कुणी सापडेना. दुसऱ्या आठवड्यात मुलांनी यावर उपाय शोधला. यश नावाचा एक चुणचुणीत मुलगा घसरगुंडीशी उभा राही, खाली येणाऱ्याला हळूच ढकली, तो पडला की धावत जाऊन त्याला उठवी, त्याचे गुडघे झटकी आणि बाईंकडे वळून हात पुढे करी. "मिस, स्टार." महिन्याभरात यश त्या तक्त्यावरचा सर्वांत दयाळू मुलगा ठरला आणि अर्ध्या वर्गाच्या गुडघ्यांना पट्ट्या लागल्या.

हा यश अदितीचा. अदिती नाशिकची. नवरा दिनकर ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि ही स्वतः नोकरी सोडून चेन्नईत येऊन आई झालेली, त्यामुळे अंगात ऊर्जा मावत नसे. वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ती ॲडमिन. रोज सकाळी सात वाजता त्या ग्रुपवर मैत्रीवरचं एक सुवचन पडे आणि सव्वासातपर्यंत बावीस अंगठे. बाई मराठी बोलतात हे कळल्यावर ती पहिल्या दिवशी आनंदाने उडालीच होती. दुसऱ्या दिवशी तिने बाईंचं एक वाक्य सुधारलं. त्यानंतर बाई तिच्याशी इंग्रजीत बोलू लागल्या.

मार्चमध्ये मॅडमच्या डोक्यात आलं की वर्षाअखेर पालकांना मैत्री प्रत्यक्ष दाखवावी. खोक्यातलं साळींदराचं पुस्तक मुलांनी करून दाखवायचं. गोष्ट अशी: एका साळींदराला काटे असतात म्हणून कुणी मित्र होत नाही. आठव्या पानावर ते झाडाखाली एकटं बसतं. नवव्या पानावर ससे गाजर घेऊन येतात आणि मग शेवटपर्यंत सगळं गोड. बाई स्टुलावर बसून वाचणार, पान पलटेल तशी मुलं पुढचा प्रवेश करणार. सोपं काम.

फक्त साळींदर मिळेना.

एकोणीस पालकांनी सशासाठी नाव दिलं, एकाने झाडासाठी. साळींदरासाठी कुणी नाही. ग्रुपवर आधी मौन, मग महापूर. एक वडील लिहितात, माझ्या मुलाची सोशल स्किल्स उत्तम आहेत, तो एकटा का बसेल? एक आई लिहिते, आमची नंदिता सेन्सिटिव्ह आहे, व्हिडिओ कायम राहतो, उद्या तिच्या लग्नात कुणी दाखवला तर? एकाने विचारलं की साळींदर शाकाहारी असतं का, आणि त्यावर दोन तास चर्चा झाली. मग एका समंजस गृहस्थाने तोडगा सुचवला: तुमच्या आयाला उभं करा, तिला काही वाटणार नाही.

बाईंनी हा निरोप गोदाला तमिळमध्ये वाचून दाखवला.

"मला वाटेल," गोदा म्हणाली आणि खरकटी ताटं घेऊन निघून गेली.

दया करायला सगळे तयार, पण ती करून घ्यायला म्हणून कुणी सापडत नव्हतं. सर्वांत वर अदितीचा निरोप होता, हात जोडलेल्या तीन चित्रांसकट: "प्लीज, कुणीतरी मोठं मन दाखवा." यशचं नाव सशांच्या यादीत पहिलं.

शेवटी मॅडमनी बाईंना बोलावलं. मॅडमचं टेबल काचेचं, आवाज मधाचा.

"विजयालक्ष्मी, तुम्ही ज्येष्ठ. हे तुम्हीच सोडवा. हल्ली पालक विचारतात, गोष्ट सांगणाऱ्या बाईकडे काही सर्टिफिकेट आहे का. मी म्हणते, आमच्या मिसचा अनुभव बघा! पण कार्यक्रम चांगला झाला पाहिजे. झाला, तर जूनपासून ते स्टूल तुमचंच. नाही झाला, तर... मला वाईट वाटेल."

बाई ऐकत होत्या, आणि डोळे सवयीने टेबलावर गेले होते. मॅडमच्या कोपराखाली एक पत्र होतं. मॅडमकडे तोंड करून ठेवलेलं, म्हणजे बाईंच्या बाजूने उलटं, म्हणजे बाईंच्या दृष्टीने अगदी सरळ. 'स्टोरी फॅसिलिटेटर या पदावर एक जूनपासून नियुक्ती.' खाली नाव: अदिती, पुढे कंसात कसल्याशा सर्टिफिकेट कोर्सचं नाव. त्याखाली एक ओळ: 'विजयालक्ष्मी यांच्याकडे जेवणाच्या खोलीची देखरेख.' त्याखाली मॅडमची सही, आणि तारीख दहा दिवसांपूर्वीची.

तेवीस वर्षं, आणि शेवटी सांबाराच्या बादल्या मोजायच्या.

दुसरी कुणी असती तर रडली असती. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, तारीख परत एकदा वाचली आणि म्हणाल्या, "साळींदर मिळालं, मॅडम. एखाद्या पालकानेच करावं. अदितीने. तिचं मन मोठं आहे, ग्रुपवर आलंय."

मॅडमना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तिथल्या तिथे ग्रुपवर टाकली. बावीस अंगठे पडले. अदितीला नाही म्हणायला जागाच उरली नाही. तिने हसरं तोंड पाठवलं. घाम सुटलेलं हसरं तोंड.

काटे गोदाने बनवले. नारळाच्या झाडूच्या काड्या, एकेक सोलून टोक काढलेल्या, तपकिरी गोणपाटावर दाट शिवलेल्या. "घट्ट शीव," एवढंच बाई म्हणाल्या. गोदाने कारण विचारलं नाही. तिने जरा जास्तच घट्ट शिवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी बंगल्याच्या अंगणात मांडव, चाळीस पालक, चाळीस फोन वर. पहिल्या रांगेत श्रीदेवी मॅडम रेशमी साडीत. सगळ्यांत मागे बालाजीराव, बायकोला घरी न्यायला आलेले. बाई स्टुलावर बसल्या, पुस्तक मांडीवर उभं केलं आणि वाचायला लागल्या. एक ते सात पानं लोण्यासारखी गेली. आठव्या पानावर अदिती गुडघ्यांवर रांगत आली आणि झाडाखाली बसली. कडेला एकोणीस ससे हातात गाजरं घेऊन तयार, नजरा बाईंच्या बोटांवर.

"आणि साळींदराजवळ कुणीच नव्हतं," बाईंनी इंग्रजीत वाचलं, आणि पान धरून ठेवलं.

पाच सेकंद गेले. दहा गेले. ससे हलले नाहीत. त्यांना तशी शिस्तच होती.

अदितीने ओठ न हलवता, फोनकडे बघून हसत, मराठीत म्हटलं, "मिस, पलटा ना. काड्या टोचतायत."

"टोचूं दे गे," बाई म्हणाल्या. इंग्रजी संपलं होतं. "स्टूल घेतलीस तेव्हां टोचलं नाही कां?"

"कुठलं स्टूल?"

"हें. ज्यावर मी बसून अस्से. कागद मी वाचली. जूनपासून तूं."

अदितीचं हसू तसंच राहिलं, पण ते आता चेहऱ्यावर विसरून राहिलं होतं. "मॅडम म्हणाल्या, तुम्ही स्वतःहून सोडताय! गुडघ्यांमुळे!"

"माझे गुडघे?" बाईंचा आवाज चढला. "रोज दोनदां एग्मोरचा पूल चढती मी! पहिल्या रांगेत बसली अस्से तिला विचार, लिफ्टशिवाय एक मजला चढती कां!"

मांडवातल्या पालकांना अक्षर कळत नव्हतं; दिनकर कारखान्यात होता. मॅडम मान डोलावत होत्या. भाषा बदलली, आवाज चढला, म्हणजे काहीतरी खोल चाललंय, एवढं त्या ओळखून होत्या. एका आईने डोळ्याला रुमाल लावला.

"मला काय माहीत तुमचे गुडघे!"

"मग विचारायचं होतं. बारा पुस्तकं वाचलीस दयेची. एक प्रश्न विचारतां आला नाही?"

हे लागलं. अदिती काट्यांसकट ताठ झाली. "आणि तुम्ही? तुम्हाला कळलं त्या दिवशी मला सरळ का नाही विचारलंत? हे खराटे बांधून चाळीस लोकांसमोर बसवलंत मला! ही कुठली दया?"

"दया कोण करतं? मी राग करती अस्से."

"मग करा ना राग! पण लहान मुलांसमोर असं..."

"लहान मुलांना राग ठाऊक अस्से. तुझ्या पुस्तकांनाच ठाऊक नाही."

"आणि तुमची ती मराठी, माझ्या आजीच्या आजीला कळली नसती!"

"तुला तर सगळी कळून राहिली!"

मागच्या रांगेतून बालाजीराव खो-खो हसले. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे रागाने पाहिलं. इतका करुण प्रसंग, आणि हसतो!

"बरं, सांग," बाई म्हणाल्या, "इथे बसून वाचणार कशी? सर्टिफिकेटवाल्यांनी काय शिकवलं?"

"पुस्तक फिरवायचं," ती म्हणाली. "आधी वाचायचं, मग फिरवून दाखवायचं."

"फिरवायचं!" बाई म्हणाल्या. एखादी सुगरण 'पाकिटातलं सांबार' म्हणेल तशा.

बाईंनी हे असं आणखी पाव तास चालवलं असतं. रागाला अजून खाली तळ लागला नव्हता. पण त्यांची नजर सशांकडे गेली. मागच्या रांगेतल्या दोघांचं लक्ष उडायला लागलं होतं, एकाने शेजाऱ्याच्या कानाकडे हात नेला होता, आणि यश दुसऱ्याचं गाजर खात होता. पान धरून ठेवायलाही एक माप असतं. त्याच्या पलीकडे गेलं की वर्ग हातचा जातो. तेवीस वर्षांत बाईंच्या हातून वर्ग गेला नव्हता, आणि तो आज एका साळींदरापायी घालवायची त्यांची तयारी नव्हती. दया-माया काही नाही, निव्वळ कसब.

त्यांनी पान पलटलं.

एकोणीस ससे सुटले. प्रत्येकाला पहिलं गाजर आपलंच द्यायचं होतं, कारण तक्ता मांडवातच टांगलेला होता. तीन ससे पडले, त्यांतले दोन यशने पाडले आणि दोन्ही यशनेच उचलले. झाड झालेलं मूल रडत आईकडे गेलं. साळींदर गाजरांच्या ढिगाखाली दिसेनासं झालं, आणि चाळीस पालक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

त्या संध्याकाळी ग्रुपवर अभिप्रायांची रांग लागली. पाच चांदण्या, पाच चांदण्या, पाच चांदण्या. "एक शब्दही कळला नाही, पण डोळे भरून आले." "दोन पिढ्यांमधली मैत्री किती तरलपणे दाखवली." आयाला उभं करा म्हणणाऱ्या गृहस्थाने लिहिलं, "अशा प्रसंगांतूनच मुलं माणुसकी शिकतात."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोघींना एकत्र बोलावलं. अदितीच्या हातावर बारीक ओरखडे होते. ती बाईंकडे बघत नव्हती, बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"तो मधला संवाद!" मॅडम म्हणाल्या. "तो पुस्तकात नव्हता ना? तुमच्या मातृभाषेत! काय तो जिव्हाळा! प्रत्येक सत्रात हवा आम्हाला. पालकांना आधीच कळवून टाकलंय मी. विजयालक्ष्मी वाचतील, अदिती पात्र होईल, आणि मध्ये असा उत्स्फूर्त संवाद. जुनं जे काही ठरलं होतं ते..." इथे मॅडमना खोकला आला. "नवीन पत्रं तयार आहेत."

आपण जूनपासून जेवणाच्या खोलीत जाणार होतो, हे बाईंना अधिकृतपणे कधी कळलंच नाही, त्यामुळे ते रद्द झालं हेही अधिकृतपणे कळलं नाही. मॅडमनी ड्रॉवरमधून दोन कागद काढून आपल्यासमोर ठेवले आणि पेन उघडलं.

"तारीख बदला, मॅडम," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मागच्या पत्राचीच राहिलीय."

मॅडमनी कागदाकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग काचेच्या टेबलावरच्या इतर सगळ्या कागदांकडे, जे इतकी वर्षं तिथे उघडे पडत आले होते. त्यांनी तारीख बदलली, सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर झाकणाची फाईल दिसू लागली.

अदितीने बाहेर आल्यावर व्हरांड्यात सांगितलं की तिने आदल्या रात्रीच मॅडमना नकार कळवला होता. बाईंनी ते खरं मानलं नाही. पण खोटंही मानलं नाही. "हातांना खोबरेल लाव," त्या म्हणाल्या, आणि मराठीतच म्हणाल्या.

त्यानंतर जे सुरू झालं ते अजून चालू आहे. दर सत्राला मांडव पडतो, पालक फोन वर धरतात, आणि त्या दोघी चाळीस माणसांसमोर मनसोक्त भांडतात. एकदा पोह्यांवरून भांडल्या, एकदा चेन्नईच्या माणसांना थंडी म्हणजे काय कळतं का यावरून, एकदा यशच्या कानावरून, जो बाईंनी पिळला होता आणि अदितीच्या मते पुरेसा पिळला नव्हता. दर वेळी मॅडमच्या डोळ्यांत पाणी येतं. शाळेच्या माहितीपत्रकावर आता दोघींचा फोटो आहे, तोंडं उघडी, बोटं एकमेकींवर रोखलेली, खाली सोनेरी अक्षरांत 'मैत्री अशी असते'. बालाजीराव एकही कार्यक्रम चुकवत नाहीत. पण त्यांना आता शेवटच्या रांगेच्याही मागे, गेटाबाहेर उभं करतात.

परवा अदितीचा फोन आला. पुढचं पुस्तक अस्वलाचं आहे. अस्वल एकटंच मध खातं, कुणाला देत नाही, म्हणून त्याला कुणी खेळायला घेत नाही. वीस पालकांनी मधमाश्यांसाठी नावं दिली आहेत. हावरट अस्वल व्हायला, सांगायला नकोच, कुणी तयार नाही.

"तूं हो," बाई म्हणाल्या.

"मागच्या वेळी मी काटे घातले. आता तुमची पाळी."

"सरी," बाई तमिळमध्ये कबूल झाल्या. "पण मी अस्वल झालें तर स्टुलावर कोण?"

अदिती म्हणाली, "तुम्ही स्टुलावरच बसा ना. अस्वल होऊनच बसा. मध मांडीवर ठेवा, पुस्तकाशेजारी. मी माशी होऊन येते आणि मागते."

"मागितलास तरी देणार नाही."

"माहितेय."

"आणि पान मीच पलटणार."

"पलटा हो," अदिती म्हणाली. "पण या वेळी भांडायचं कशावरून, ते आधी ठरवू या का?"

"ठरवून कोण भांडतं?" बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून बालाजीरावांच्या पेपरकडे वळल्या. "पलटा की."